'द फोर्थ काइंड'मध्ये खरं किती? एलियन अपहरणाच्या भीतीची उकल

'द फोर्थ काइंड' हा २००९ सालचा इंग्रजी भयपट बघून उठलेला माणूस आधी मोबाइल हातात घेतो आणि शोधतो: ही डॉक्टर अबिगेल टायलर खरंच होती का? त्यात त्याची काही चूक नाही, चित्रपटानेच त्याला कामाला लावलेलं असतं. पहिल्याच दृश्यात नायिका मिला योव्होविच कॅमेऱ्याकडे चालत येते आणि आपण अभिनेत्री आहोत, या चित्रपटात डॉ. टायलर यांची भूमिका करत आहोत, असं सरळ सांगून टाकते. पुढचे प्रसंग खऱ्या नोंदींवर बेतलेले आहेत, त्यातलं काय मानायचं ते तुम्ही ठरवा, अशीही पुस्ती जोडते.

उत्तर आधीच देऊन टाकलेलं बरं. अशी कोणी मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. मुलाखतीत दिसणारी 'खरी' टायलर, तो पांढराफटक चेहरा आणि खोल गेलेले डोळे, ती शार्लट मिल्चर्ड ही ब्रिटिश अभिनेत्री आहे. मुलाखत घेणारा माणूस म्हणजे खुद्द दिग्दर्शक ओलातुंडे ओसुनसान्मी. 'मूळ' म्हणून दाखवलेल्या फिती चित्रपटासाठीच तयार केलेल्या आहेत.

पण गंमत अशी, की हे कळल्यावरही भीती जात नाही. रात्री तीनला जाग आली तर खिडकीकडे बघवत नाही. गोष्ट खोटी असताना भीती इतकी खरी कशी, हा प्रश्न मला चित्रपटापेक्षा जास्त रंजक वाटतो, म्हणून हा लेख. (पुढे कथेचा शेवटही सांगितला आहे. चित्रपट बघायचा असेल तर आधी बघून या.)

कथा थोडक्यात

अलास्कातलं नोम हे गाव. डॉ. टायलरचा नवरा नुकताच गेलाय. आपल्या डोळ्यांदेखत कोणीतरी त्याला भोसकलं, असं तिला आठवतं. तिच्याकडे येणारे झोपेचे रुग्ण एकमेकांना ओळखत नाहीत, पण सगळे एकच सांगतात: पहाटे तीनच्या सुमारास जाग येते आणि खिडकीत पांढरं घुबड बसलेलं असतं. संमोहनाखाली नेलं की ते घुबड राहत नाही, दुसरंच काहीतरी होतं, आणि रुग्ण किंचाळायला लागतात. त्यातला एक जण घरी जाऊन बायकामुलांना मारून स्वतःवर गोळी झाडतो. डॉक्टरच्या टेपरेकॉर्डरवर प्राचीन इराकमधल्या सुमेरियन भाषेत बोलणारा आवाज सापडतो. मग तिची मुलगी नाहीशी होते.

दिग्दर्शकाची युक्ती साधी आहे, पण तिला दाद द्यावी लागते. पडदा दोन भागांत विभागून एकीकडे 'मूळ' फीत आणि शेजारी तोच प्रसंग नटांनी केलेला दाखवला जातो. एकीने आपण नाटक करतोय हे कबूल केलं, की शेजारची आपोआप खरी ठरते. शिवाय ऐन मोक्याच्या क्षणी 'मूळ' फीत खराब होते. चित्र फाटतं, आवाज घरघरतो, नेमकं काय झालं ते दिसत नाही. न दिसलेलं आपण आपल्या मनातून भरतो, आणि आपल्या मनातलं भय कोणत्याही मेकअपवाल्याच्या कामापेक्षा वरचढ असतं.

नावाबद्दल एक. खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक हे उडत्या तबकड्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या प्रकल्पाचे सल्लागार होते. १९७२च्या पुस्तकात त्यांनी जवळून आलेल्या अनुभवांचे तीन प्रकार केले: तबकडी दिसणं, तिच्या खुणा सापडणं आणि आत बसलेले प्राणी दिसणं. चौथा प्रकार, म्हणजे अपहरण, ही भर इतरांनी नंतर घातली.

रात्री तीनला नेमकं काय होतं

आता मुद्द्याचं. मध्यरात्री डोळे उघडतात, खोली ओळखीची असते, पण हातपाय हलत नाहीत. दाराशी कोणीतरी उभं आहे याची खात्री वाटते. ते जवळ येतं, छातीवर भार पडतो, ओरडायचं असतं पण आवाज फुटत नाही. मग एकदम सगळं सुटतं आणि घामाघूम होऊन माणूस उठून बसतो. अपहरण झाल्याचं सांगणाऱ्या कितीतरी लोकांच्या हकिकतीचा पहिला भाग जवळजवळ असाच असतो.

याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. झोपेचे टप्पे असतात आणि त्यातल्या 'रेम' टप्प्यात आपण सर्वांत ठळक स्वप्नं पाहतो. स्वप्नात आपण धावतो, मारामारी करतो. ते सगळं अंथरुणातही करू लागलो तर स्वतःला आणि शेजारच्याला इजा होईल. म्हणून मेंदूचा खालचा भाग, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, त्या वेळेपुरते हातापायांच्या स्नायूंना जाणारे हुकूम अडवतो. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल तेवढे चालू राहतात. कधी कधी हा बंदोबस्त उठण्याआधीच जाणीव जागी होते. डोळे उघडे, शरीर अजून बंद, आणि स्वप्न पुरतं संपलेलं नाही. खोली खरी असते आणि तिच्यात स्वप्नातली माणसं वावरत असतात.

छातीवरच्या भाराचंही कारण यातच आहे. रेम झोपेत फासळ्यांमधले स्नायू सैल पडलेले असतात, श्वास श्वासपटलाच्या जोरावर उथळ आणि आपोआप चालतो. घाबरून आपण खोल श्वास ओढायला जातो आणि तो ओढला जात नाही. मग कोणीतरी गळा दाबतंय, छातीवर बसलंय असं वाटतं. उताणं झोपलेलं असताना हे जास्त होतं. झोप अपुरी असली, पाळ्या बदलत्या असल्या, तरी जास्त होतं. आणि रेमचे लांब टप्पे रात्रीच्या उत्तरार्धात येतात, त्यामुळे पहाटेची वेळ यासाठी अगदी सोयीची. चित्रपटातल्या तीनच्या ठोक्याला कोणत्याही परग्रहाची गरज नाही.

हे दुर्मिळही नाही. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०११ साली काढलेल्या हिशोबात, सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्के जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला आढळला. विद्यार्थ्यांमध्ये तर सुमारे २८ टक्के. म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांतही काही जण आत्ता मान डोलावत असतील.

मात्र छातीवर कोण बसतं, ते मुलखावर अवलंबून आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये ती एक म्हातारी चेटकीण असते. जपानात या अनुभवाला कानाशिबारी म्हणतात. आपल्याकडे सकाळी कोणी 'रात्री छातीवर काहीतरी बसलं होतं' म्हणालं, की घरातलं वडीलधारं माणूस उशाखाली चाकू किंवा अडकित्ता ठेवायला सांगतं आणि झोपताना भीमरूपी म्हणायला लावतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अमेरिकेत त्याच जागी मोठ्या डोक्याचा, काळ्याभोर डोळ्यांचा राखाडी प्राणी आला. शरीरात घडतं ते सगळीकडे तेच.

मग तो राखाडी प्राणी आला कुठून?

१९६१ सालची १९ सप्टेंबरची रात्र. बेटी आणि बार्नी हिल हे जोडपं कॅनडातली सुट्टी संपवून गाडीने न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला घरी निघालं होतं. ती समाजसेविका, तो टपाल खात्यात नोकरीला. ती गोरी, तो कृष्णवर्णीय, आणि त्या काळच्या अमेरिकेत हे सोपं नव्हतं. वाटेत एक दिवा आपला पाठलाग करतोय असं त्यांना वाटलं. घरी पोहोचायला हिशोबापेक्षा सुमारे दोन तास उशीर झाला. काही दिवसांनी बेटीला सलग स्वप्नं पडू लागली: रस्त्यात अडवणारे ठेंगणे पुरुष, यान, वैद्यकीय तपासणी. तिने ती लिहून ठेवली, लोकांना सांगितली. बार्नीच्याही कानावर ती अर्थातच पडत होती.

बार्नीची तब्येत बिघडत गेली आणि डिसेंबर १९६३मध्ये दोघं बॉस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ बेंजामिन सायमन यांच्याकडे गेले. पुढच्या वर्षी संमोहनाखाली दोघांनीही अपहरणाची हकिकत सांगितली. बार्नी तर अक्षरशः किंचाळला. त्या ध्वनिफिती ऐकल्या की 'द फोर्थ काइंड'मधले संमोहनाचे प्रसंग कोणत्या साच्यातून निघाले ते कळतं. पण एक गोष्ट हमखास गाळली जाते. ज्यांनी हे संमोहन केलं, त्या डॉक्टरांनी अपहरण मानलं नाही. बेटीची स्वप्नं ऐकून ऐकून ती बार्नीच्या आठवणीत उतरली, असं सायमन यांचं मत होतं.

बार्नीने २२ फेब्रुवारी १९६४ला कानशिलापर्यंत ओढलेल्या, बोलणाऱ्या डोळ्यांचं वर्णन केलं. त्याच्या १२ दिवस आधी अमेरिकी टीव्हीवर 'द आउटर लिमिट्स' या मालिकेत तसेच डोळे असलेला परग्रहवासी दाखवला होता. बेटीने नंतर आपल्याला ही मालिका माहीतही नसल्याचं सांगितलं, त्यामुळे ज्याने त्याने काय ते ठरवावं. पुढचा योगायोग मात्र बोलका आहे. हिल दांपत्याच्या हकिकतीवरचा टीव्हीपट २० ऑक्टोबर १९७५ला प्रसारित झाला आणि १६ दिवसांनी ॲरिझोनाच्या जंगलात ट्रॅव्हिस वॉल्टन हा लाकूडतोड्या नाहीसा झाला. पाच दिवसांनी तो परतला तो यानाची गोष्ट घेऊनच. त्याच्यावर १९९३ साली 'फायर इन द स्काय' निघाला. त्यातला तपासणीचा अंगावर येणारा प्रसंग वॉल्टनने सांगितलेला नाही. त्याची हकिकत पुरेशी भयानक वाटली नाही म्हणून पटकथेत तो नव्याने रचला गेला. गोष्टीवरून चित्रपट, चित्रपटावरून पुढची गोष्ट, असं हे चक्र आहे.

संमोहनाने आठवण बाहेर येते की तयार होते?

चित्रपटांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलेलं एक चित्र असं: सगळं मेंदूत नोंदलेलं आहे, फक्त कुलूप लावलंय, आणि संमोहन ही किल्ली. आठवण तशी नसतेच. ती गोधडीसारखी असते, दर वेळी काढली की पुन्हा शिवली जाते आणि हाताशी जे तुकडे असतील ते जोडले जातात: ऐकलेलं, वाचलेलं, टीव्हीवर पाहिलेलं, समोर बसलेल्याच्या प्रश्नातून सुचलेलं. संमोहनात माणूस सैलावतो, कल्पना मोकाट सुटते, आणि नव्याने जोडलेल्या तुकड्यांवरचा त्याचा विश्वास वाढतो. तपशील वाढतात, खात्री वाढते, पण अचूकपणा वाढत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली संमोहनातून उजळलेल्या साक्षींवर कडक बंधनं घातली आणि १९८५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अहवालानेही अशा आठवणींबद्दल सावध केलं.

एक छोटा प्रयोग पाहा. अंथरूण, उशी, जांभई, रात्र, स्वप्न, घोरणं, पांघरूण, थकवा. ही यादी वाचून थोड्या वेळाने शब्द आठवायला सांगितले, की बरेच जण 'झोप' हा शब्दही होता असं ठामपणे सांगतात. तो नव्हता. हार्वर्डमधल्या सुझन क्लॅन्सी, रिचर्ड मॅकनॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच याद्या अपहरणाच्या आठवणी 'परत आलेल्या' लोकांना दिल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ती मंडळी इतरांपेक्षा जास्त वेळा न वाचलेला शब्द वाचल्याचं सांगत होती. ती खोटारडी नव्हती, वेडीही नव्हती.

त्याच गटाचा २००४चा अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो. अपहरण झाल्याचं मानणाऱ्या १० जणांना त्यांचीच हकिकत ध्वनिमुद्रित करून ऐकवली आणि हृदयाचे ठोके, तळहाताचा घाम, चेहऱ्याच्या स्नायूंचा ताण मोजला. युद्धासारख्या खऱ्या आघातातून गेलेल्या रुग्णांचं शरीर जसा प्रतिसाद देतं, जवळजवळ तसाच तो निघाला. म्हणजे किंचाळणारा माणूस नाटक करत नाही. त्याची भीती शंभर टक्के खरी आहे. पण भीती खरी आहे एवढ्यावरून घटना घडली असं ठरत नाही. 'द फोर्थ काइंड' नेमका या दोन वाक्यांमधला फरक पुसून टाकतो. समोरचा इतका घाबरलाय, म्हणजे काहीतरी झालंच असणार, असं आपल्याकडून वदवून घेतो.

आणि खरी खोच तर पटकथेतच आहे. शेवटी कळतं की टायलरच्या नवऱ्याचा खून झालाच नव्हता. त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. म्हणजे सगळी कथा जिच्या तोंडून ऐकली, तिचीच सर्वांत मोठी आठवण खोटी. इथे चित्रपट क्षणभर शहाणा होतो, आणि लगेच ते विसरून बाकीच्या सगळ्या आठवणी खऱ्या मानायला सांगतो.

घुबडाचंही तसंच. अपहरणाच्या साहित्यात घुबड म्हणजे 'पडदा आठवण': एलियन दिसला, पण मनाने त्यावर घुबडाचं चित्र चिकटवलं. सोय बघा. एलियन दिसला तर पुरावा, न दिसता घुबड दिसलं तरी पुरावा. सुमेरियन भाषेबद्दल एवढंच, की ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वी बोलीतून गेली आणि तिचे उच्चार विद्वानांनी कीलाक्षरी लेखांवरून जुळवलेले आहेत. खरखरणाऱ्या टेपवरून ती ओळखणारा तज्ज्ञ फक्त पटकथेतच भेटतो.

पण लाखो लोक सांगतात त्याचं काय, असंही विचारलं जातं. त्यामागचा एक आकडा रोपर या जनमत चाचणी संस्थेच्या १९९१ सालच्या पाहणीतून आला. सुमारे ६ हजार अमेरिकनांना विचारलेल्या प्रश्नांत पाच 'खुणेचे' प्रश्न होते आणि चारला 'हो' म्हणणारा माणूस अपहरणाची शक्यता असलेला मानला गेला. असे ११९ जण निघाले, म्हणजे २ टक्के. ते प्रमाण देशभर लावून ३७ लाख हा आकडा गाजवला गेला. त्या पाचांतला एक प्रश्न असा: जाग आली तेव्हा हलता येत नव्हतं आणि खोलीत कोणी अनोळखी असल्याचं वाटलं, असं कधी झालंय का? तुमचं अपहरण झालंय का, असा प्रश्न त्या पाचांत नव्हता.

स्लीप पॅरालिसिस होत असेल तर घाबरून जाऊ नका. काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत ते सुटतं आणि त्याने जीव जात नाही. कुशीवर झोपा, झोपेच्या वेळा सांभाळा. मात्र दिवसाही आवरता न येणारी झोप येत असेल, तर डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे.

खरं नोम

चित्रपटातलं नोम डोंगरांच्या कुशीत, गर्द झाडीत वसलेलं आहे. ते चित्रीकरण कॅनडातल्या स्क्वामिशचं आणि बल्गेरियातलं. खरं नोम बेरिंग समुद्राच्या काठावर, जवळपास वृक्षहीन टुंड्रात आहे. वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, आणि अँकरेज या अलास्कातल्या सर्वांत मोठ्या शहराहून तिथे यायला रस्ताच नाही, विमानाने यावं लागतं. चित्रपटात गावाचा शेरीफ आहे. अलास्कात काउंट्या (इतर अमेरिकी राज्यांतले जिल्ह्यासारखे विभाग) नाहीत, त्यामुळे काउंटीचे शेरीफही नाहीत. या गफलतींवर हसता येतं.

पुढच्यावर हसू येत नाही. नोममध्ये माणसं खरंच नाहीशी झाली होती. १९६०च्या दशकापासूनची बेपत्ता होण्याची आणि संशयास्पद मृत्यूंची सुमारे दोन डझन प्रकरणं एफबीआयने २००५-०६मध्ये तपासली. नऊ जणांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. यातले बरेच जण आजूबाजूच्या खेड्यांतून कामाला, खरेदीला किंवा दारूसाठी नोमला आलेले आदिवासी, म्हणजे इनुपियाक आणि युपिक लोक होते. त्या भागातल्या कितीतरी खेड्यांत दारूबंदी आहे आणि नोममध्ये बार आहेत. अति मद्यपान आणि जीवघेणी थंडी, असा निष्कर्ष तपासात निघाला. घरच्या मंडळींना कोणीतरी माणसं मारतंय असा संशय होता, आणि पोलिसांवर अविश्वास असायला कारणही होतं: २००३ साली नोममध्ये एका आदिवासी तरुणीचा खून झाला आणि त्यात दोषी ठरला तो नोमचाच पोलीस.

हा सगळा इतिहास चित्रपटाने कच्चा माल म्हणून वापरला. माणसं गायब झाली एवढं घेतलं आणि कारणाच्या जागी एलियन बसवले. पडद्यावर ज्यांच्यावर हे बेततं ते बहुतेक गोरे, आणि ज्यांचे नातेवाईक खरोखर गेले ते लोक जवळजवळ दिसतच नाहीत. कथा रचलेली असण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. भयपटाने खोटं सांगावं, तेच त्याचं काम. पण ज्या घरांना मुलाच्या मृत्यूचं कारण कळलेलं नाही, त्यांच्या गावाचं नाव जसंच्या तसं ठेवून 'हे खरं आहे' म्हणणं ही वेगळी गोष्ट आहे.

प्रसिद्धीसाठी इंटरनेटवर अलास्कातल्या खऱ्या वृत्तपत्रांच्या नावाने बनावट बातम्याही टाकल्या गेल्या. टायलर पतिपत्नी खरी वाटावीत म्हणून फेअरबँक्सच्या 'डेली न्यूज-मायनर'सारख्या दैनिकांत कधीच न छापलेला मजकूर तयार केला होता. वृत्तपत्रांनी हरकत घेतली आणि चित्रपट झळकला त्याच महिन्यात, नोव्हेंबर २००९मध्ये, युनिव्हर्सल पिक्चर्सने तडजोड केली. बनावट बातम्या काढल्या गेल्या, अलास्का प्रेस क्लबला २० हजार डॉलर आणि अलास्कातल्या आदिवासींसाठीच्या कॅलिस्टा शिष्यवृत्ती निधीला अडीच हजार डॉलर देण्याचं ठरलं. चित्रपटाने जगभरात चार कोटी डॉलरहून अधिक कमावले.